ब्लॅक-सिक्स, पण कोणता? उंदरांची कॉलनी नीट लावण्याच्या नोंदी

३ जून २०२४

आमच्या प्राणीगृहातली प्रयोगाच्या उंदरांची कॉलनी सुधारण्याचं काम आजपासून सुरू. मंजूर झालेली रक्कम पाहता जनुकबदल केलेले नवे उंदीर बनवणं परवडणार नाही, आणि माझ्या मते आत्ता त्याची गरजही नाही. आहेत ते उंदीर नक्की कोण आहेत ते तपासायचं, त्यांच्या पोटातले पाहुणे हुसकवायचे आणि ज्या लाइन, म्हणजे एकेका घराण्याचे उंदीर, पुन्हा मिळणार नाहीत त्या गोठवून ठेवायच्या. एवढं झालं तरी पुष्कळ.

सकाळी डॉक्टर मॅडम, मी आणि काका रॅकवरची कार्डं वाचत गेलो. काका इथले सर्वांत जुने कर्मचारी, कुठला उंदीर कुठल्या आईचा हे रजिस्टर न उघडता सांगणारे. अर्ध्या कार्डांवर नुसतं ‘बी६’, म्हणजे ब्लॅक-सिक्स, प्रयोगशाळांतला नेहमीचा काळा वंश. पूर्ण नाव सी५७बीएल/६. ज्या नॉकआउट (एक जनुक मुद्दाम बंद केलेल्या) लाइनवर सध्या दोन पीएच.डी. चालू आहेत, तिच्या कार्डावर ‘बी६ केओ’. संपलं. ही लाइन बऱ्याच वर्षांपूर्वी परदेशातल्या एका प्रयोगशाळेकडून आली. सोबतच्या पत्रात ‘ब्लॅक-सिक्सवर बॅकक्रॉस केलेली’, म्हणजे पिढी दर पिढी त्याच वंशाशी संकर केलेली, एवढंच आहे. किती पिढ्या, कुठल्या ब्लॅक-सिक्सवर, काही नाही.

उंदरांच्या नावांना व्याकरण असतं. तिरक्या रेघेनंतरची अक्षरं कुणाची वसाहत ते सांगतात. दोन वंशांच्या नावांमध्ये टिंब असेल तर पुरेशा पिढ्या एका वंशाशी संकर करून पार्श्वभूमी बरीचशी शुद्ध केली आहे. अर्धविराम असेल तर सरळ मिश्रण. आमच्या कार्डावर यातलं एकही चिन्ह नाही.

११ जून

नवीन मुलांना बसवून ब्लॅक-सिक्सचं घराणं सांगितलं, कारण पुढच्या सगळ्या कामाचा पाया तोच.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ॲबी लेथ्रॉप नावाच्या बाई हौशी लोकांसाठी उंदीर पाळून विकायच्या. त्यांच्याकडच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये हा वंश सुरू केला. नावातला ‘५७’ तो. लिटल यांनीच १९२९ मध्ये मेन राज्यात बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी काढली. तिथून १९५१ मध्ये काही उंदीर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचला गेले. जॅक्सनमध्ये राहिले ते ६जे, एनआयएचला गेले ते ६एन. भाऊ-बहिणींचे संकर वीस पिढ्या चालले की वंश ‘इनब्रेड’ मानतात. पण दोन वसाहती वेगळ्या झाल्या की प्रत्येकीत स्वतंत्र उत्परिवर्तनं साठत जातात. ६जे आणि ६एन यांचं आडनाव एक, गोत्र वेगळं.

यातले काही फरक क्षुल्लक नाहीत. ६जे उंदरांत एनएनटी या जनुकाचे पाच एक्झॉन (प्रथिनाची सूचना असलेले तुकडे), सातवा ते अकरावा, गायबच आहेत. मायटोकॉन्ड्रियातलं हे एन्झाइम नसल्यामुळे त्यांच्यात इन्सुलिन स्रवण्याची क्रिया मंदावते आणि ग्लुकोज दिल्यावर साखर लवकर खाली येत नाही. ६एनमध्ये एनएनटी शाबूत, पण त्यांच्यात सीआरबी-१ जनुकातलं आरडी-८ नावाचं उत्परिवर्तन आहे, त्यानं डोळ्याचा पडदा खराब होतो. बाजारात मिळणाऱ्या ६एन उंदरांत ते सर्रास आहे हे २०१२ मध्ये उघड झालं. तोवर किती जणांनी ते आपल्या जनुकाचं कर्तृत्व म्हणून छापलं असेल, देव जाणे.

एका मुलीनं विचारलं, “सर, मग आमचे कंट्रोल कुठले?” कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे साधे उंदीर, विकत आणलेले. बिलावर ६जे. नॉकआउट कुठल्या गोत्राचे ते कळायचं आहे. या मुलीच्या नॉकआउट उंदरांची साखर कंट्रोलपेक्षा छान नियंत्रणात राहते आणि तिच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यावरच उभं आहे. तिचा चेहरा उतरला. मी काही बोललो नाही, आधी पीसीआर, म्हणजे डीएनएची चाचणी, होऊ दे.

२४ जून

कानाला पंच मारून निघालेल्या तुकड्यांतून डीएनए काढला. पंचानं ओळखखूणही होते आणि नमुनाही मिळतो, शेपटीचं टोक वेगळं कापावं लागत नाही. शेपटी कापणं आता फक्त कानाचा नमुना वाया गेला तरच, आणि तेही डॉक्टर मॅडमना विचारून.

एनएनटीसाठी तीन प्रायमरांचा, म्हणजे डीएनएतला हवा तो तुकडा पकडणाऱ्या तीन छोट्या धाग्यांचा, पीसीआर लावला. दोनच प्रायमर ठेवले, तर ६जेमध्ये बँडच (जेलवर दिसणारी डीएनएची रेघ) येत नाही, आणि बँड न येणं म्हणजे जनुक नाही की पीसीआर फसला, हे कळत नाही. तिसरा प्रायमर असला की तुटलेल्या प्रतीलाही स्वतःचा बँड मिळतो. जेल दुपारी पाहिलं. कंट्रोलच्या रांगेत सगळीकडे तुटलेली प्रत. नॉकआउटच्या रांगेत बहुतेक ठिकाणी शाबूत प्रत, काहींत दोन्ही बँड, आणि एखाद-दुसरा पूर्ण तुटलेला.

म्हणजे आमची नॉकआउट लाइन मुख्यतः ६एन, मधे कधीतरी ६जे मिसळलेली. संध्याकाळी फोटो प्रिंट करून बोर्डावर लावला. शेरा लिहिला नाही. बघणाऱ्याला कळतं.

९ जुलै

आरोग्य तपासणी. सेलोटेपची परीक्षा सगळे पिंजरे पास झाले, म्हणून काका खूश. मॅडम नाहीत. कारण टेप गुदद्वाराशी चिकटवून अंडी शोधायची पद्धत सायफेशिया या पिनवर्मसाठी, म्हणजे आतड्यातल्या बारीक जंतासाठी, चालते, त्याची मादी बाहेर येऊन तिथेच अंडी घालते. ॲस्पिक्युल्युरिस हा दुसरा पिनवर्म तसं करत नाही. त्याची अंडी लेंड्यांतून जातात, टेपवर येतच नाहीत. मॅडमनी लेंड्या मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळल्या, वर कव्हरस्लिप ठेवली, थोडा वेळ थांबून मायक्रोस्कोपखाली घेतली. दोन रॅकमध्ये अंडी. लांबट, दोन्ही बाजूंनी सारखी फुगलेली. सायफेशियाचं अंडं एका बाजूनं चपटं असतं, त्यामुळे ओळखायला अडचण नाही.

पिनवर्मनं उंदीर मरत नाही, आजारीही दिसत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षं राहतो. पण तो प्रतिकारशक्तीचा कल बदलतो, आणि आमच्या निम्म्या लोकांचं काम नेमकं त्याच विषयावर. औषध मिसळलेलं खाद्य सुरू केलं, फेनबेंडाझोल या जंतनाशकाचं. ते आळीपाळीनं काही आठवडे चालवावं लागेल. अंडी धुळीत चिवट असतात, तेव्हा खोली, रॅक, व्हेंटिलेशनच्या नळ्या, सगळं एकाच वेळी धुवायचं. या काळात त्या दोन रॅकवरचे प्रयोग बंद. यावरून मीटिंगमध्ये आवाज चढले. एका सरांचं म्हणणं, इतकी वर्षं चाललंच ना. चाललं खरं.

२५ जुलै

खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडवर घरांत पाणी शिरलं. तिकडून येणारे कर्मचारी पोचू शकले नाहीत. काका आदल्या रात्री इथेच थांबले होते, म्हणून पाणी-खाद्य वेळेवर झालं. खोलीतली आर्द्रता सत्तर टक्क्यांवर गेली. डिह्युमिडिफायर दिवसभर रिकामा करत होते. बेडिंगची (पिंजऱ्यात अंथरायच्या भुशाची) पोती जमिनीवरून उचलून पॅलेटवर ठेवली.

ओलसर बेडिंगचा विषय निघालाच आहे तर लिहून ठेवतो. इथे मक्याच्या कणसाचा भुसा वापरतात, स्वस्त आणि शोषून घेणारा. पण त्यातली काही संयुगं उंदीरवर्गातल्या प्राण्यांच्या प्रजननावर आणि हार्मोनांवर परिणाम करतात असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून ब्रीडिंगच्या पिंजऱ्यांना यापुढे लाकडी चिप्स. कुठला पिंजरा कशावर आहे ते कार्डावर लिहायचं, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी लिटरचा (एका वितीच्या पिल्लांचा) आकार वाढल्याचं श्रेय दुसऱ्याच कशाला तरी देईल.

६ ऑगस्ट

बाहेर पाठवलेल्या नमुन्यांचा जीनोमभरच्या मार्करांचा (डीएनएचा तुकडा कुठल्या वंशाचा ते सांगणाऱ्या खुणांचा) अहवाल आला. जेलवर जे दिसलं त्याला दुजोरा: बहुतांश ६एन, तुकड्या-तुकड्यानं ६जे. त्याशिवाय आमच्या बंद केलेल्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना १२९ या वेगळ्याच वंशाच्या डीएनएचा चांगला लांब पट्टा. नॉकआउट १२९च्या भ्रूणीय मूलपेशींत बनवला होता, हे त्यावरून कळलं.

हा पट्टा साधा नाही, म्हणून कॅस्पेज-१ या जनुकाची गोष्ट इथे लिहितो. कॅस्पेज-१ नसलेले उंदीर जिवाणूंच्या विषानं येणाऱ्या सेप्टिक शॉकमधून वाचतात, हे वर्षानुवर्षं मान्य होतं. २०११ मध्ये कायागाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते उंदीरही १२९च्या पेशींतून बनवलेले होते, आणि १२९मध्ये शेजारचं कॅस्पेज-११ मुळातच तुटलेलं असतं. दोन्ही जनुकं इतकी जवळ की कितीही बॅकक्रॉस केला तरी वेगळी होत नाहीत. म्हणजे सगळे दोन जनुकं नसलेल्या उंदराला एक जनुक नसलेला समजत होते. वाचवणारी गैरहजेरी प्रामुख्यानं ११ची निघाली.

आमच्या पट्ट्यातल्या जनुकांची यादी काढली. त्यात रोगप्रतिकाराशी संबंध असलेली काही आहेत. आता दोन मार्ग. ६जेशी संकर सुरू करून दर पिढीत मार्कर पाहून सर्वांत शुद्ध पिल्लू निवडायचं, म्हणजे दहाऐवजी साधारण पाच पिढ्यांत काम होतं. किंवा क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रानं शुद्ध ६जेमध्ये तेच जनुक नव्यानं बंद करायचं. दुसरा मार्ग स्वच्छ, पण पैसे लागतात आणि एथिक्स कमिटीपुढे नवा फॉर्म बी, म्हणजे परवानगीचा अर्ज, न्यावा लागतो. पहिला सुरू केला. जोड्या लावल्या.

१९ ऑगस्ट

शेपटीला धरून उचलणं गेल्या महिन्यात बंद केलं. लिव्हरपूलच्या हर्स्ट आणि वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचललेले उंदीर माणसाला कमी घाबरतात. शेपटीनं उचललेल्यांत चिंता जास्त दिसते आणि तीच मग वर्तनाच्या चाचण्यांत मोजली जाते.

बोहरी आळीतून पीव्हीसीचा पाईप आणून कापला. ऑटोक्लेव्हमधून (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रातून) निघाला तो पापडासारखा वाकून. एकशे एकवीस अंशांना पीव्हीसी टिकत नाही, हे दुकानदाराला विचारण्यासारखं नव्हतंच. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक नळ्या मागवल्या. महाग आहेत, पण उंदीर आत दिसतो आणि नळी वाफेत टिकते.

काकांचा पहिला आठवडा कुरकुरीत गेला. “शेपटीनं दोन सेकंद, नळीनं दहा. चारशे पिंजरे कधी बदलायचे?” वाजवी प्रश्न. नळी पिंजऱ्यातच ठेवली की उंदीर आपणहून त्यात शिरतो, उचलायचं आणि नव्या पिंजऱ्यात तिरकी करायची. तिसऱ्या आठवड्याला वेग आला. आता काकाच नव्या पोरांना ओरडतात.

त्यांना मी माँट्रियालचा २०१४ चा निष्कर्षही सांगितला: प्रयोग करणारा पुरुष असेल तर उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते, नुसता पुरुषानं घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी. काका म्हणाले, “मग आता मी काय लुगडं नेसून येऊ?” तसं काही नको. खोलीत शिरल्यावर थोडा वेळ थांबून काम सुरू करायचं, आणि एका प्रयोगाच्या सगळ्या चाचण्या शक्यतो एकाच माणसानं करायच्या.

१२ सप्टेंबर

गणपतीचे दिवस. महिनाभर ढोल-ताशा पथकांचा सराव नदीपात्रातून इथवर ऐकू येत होता. ढोलाचा आवाज भिंतीपेक्षा जमिनीतून जास्त येतो. रस्त्याकडच्या खोलीत माद्यांनी पिल्लं खाल्ल्याच्या नोंदी इतर महिन्यांपेक्षा जास्त दिसताहेत, कारण तेच असं ठामपणे म्हणता येणार नाही. तरी गाभण माद्या आतल्या खोलीत हलवल्या. वर्तनाच्या चाचण्या विसर्जन होईपर्यंत नाहीत.

घरट्यांसाठी कागदाच्या पट्ट्या देऊ लागलो, पिंजऱ्याला आठ-दहा ग्रॅम. खोली बावीस अंशांवर असते, ती आपल्याला सुखाची. उंदराला तिसाच्या आसपास बरं वाटतं. थंडी सहन करायला तो ऊर्जा जाळतो, आणि कर्करोगाच्या गाठींच्या प्रयोगांत याचा परिणाम दिसतो हे छापून आलेलं आहे. सकाळी पाहावं तर पट्ट्यांचे बारीक धागे करून घुमटासारखं घरटं, वरून फक्त एक भोक. जिथे सकाळीही कागद तसाच पडलेला, तो पिंजरा काका बाजूला काढतात. बहुतेक वेळा त्यात एखादा आजारी निघतोच.

१५ ऑक्टोबर

साखरेचा निकाल. ज्या मुलीचं दुसरं प्रकरण साखरेवर उभं होतं, तिनं फ्रीझरमधून जुन्या प्रयोगांतल्या प्रत्येक उंदराचा डीएनए काढून एनएनटी तपासला आणि जुने आकडे नॉकआउट-कंट्रोल असे न लावता एनएनटी शाबूत-तुटलेलं असे लावले. वक्ररेषा स्वच्छ दोन गटांत पडल्या. नॉकआउट असूनही ज्यांचं एनएनटी तुटलेलं होतं, ते कंट्रोलसोबत गेले. मग एकाच लिटरमधली भावंडं घेऊन, एनएनटी सारखं ठेवून प्रयोग पुन्हा केला. फरक उरला नाही.

म्हणजे दुसरं प्रकरण गेलं. तिच्या गाइडचं म्हणणं, हे प्रबंधात नको. माझं म्हणणं, हेच प्रबंधात हवं, आणि प्राण्यांवरचे प्रयोग कसे मांडावेत हे सांगणाऱ्या अराइव्हच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वंशाचं पूर्ण नाव, स्रोत, पिढी आणि आरोग्याची स्थिती यांसकट. या लाइनवर इतरांचंही काम छापलेलं आहे. त्यांचे कंट्रोल कुठले होते, ते त्यांच्या पेपरांत लिहिलेलं नाही. तिनं आता त्यांना एकेक मेल लिहायला घेतलं आहे. दिवाळीनंतर पाहू काय उत्तरं येतात.

१८ नोव्हेंबर

वीर्य गोठवण्याचं काम. आंतरराष्ट्रीय उंदीर-वंश सूचीत शोधलं, ही लाइन जगात कुठल्याच बँकेत नोंदलेली नाही. मूळ प्रयोगशाळेनं कधीच बंद केली. म्हणजे जी आहे ती आमच्या रॅकवर.

निधीच्या मीटिंगमध्ये ‘सदोष लाइन गोठवायची कशाला’ असा प्रश्न आला होता. तेव्हा दोन उदाहरणं दिली. १९४७च्या ऑक्टोबरात बार हार्बरच्या वणव्यात जॅक्सन लॅबोरेटरी जळाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी पूर्वी नेलेले उंदीर परत पाठवले, म्हणून ते वंश राहिले. दुसरं ताजं: आयोवा विद्यापीठात सार्ससाठी बनवलेला, माणसाचं एसीई-२ (विषाणू ज्याला धरून पेशीत शिरतो ते प्रथिन) असलेला उंदीर. त्यावरचा पेपर २००७ चा, नंतर फारसं कुणी विचारत नव्हतं. २०२० मध्ये कोविड आला, साध्या उंदराला तो सुरुवातीचा विषाणू नीट लागेना, आणि सगळ्या जगाला एकदम हाच उंदीर हवा झाला. जॅक्सननं तो गोठवलेल्या वीर्यातून पुन्हा उभा केला. सदोष असली तरी आमच्या लाइनवर पेपर छापलेले आहेत. ते पुन्हा तपासायचे तर तोच उंदीर लागणार.

ब्लॅक-सिक्सचं वीर्य गोठवायला कुप्रसिद्ध. जुन्या पद्धतीनं वितळवल्यावर बीजांडांचं फलन फारच कमी व्हायचं. जपानमधल्या कुमामोतोच्या नाकागाता गटानं वितळवल्यानंतरच्या माध्यमात मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन आणि पुढे ग्लुटाथायोन घातलं, तेव्हा चित्र पालटलं. आम्ही त्यांचीच पद्धत घेतली: अठरा टक्के रॅफिनोज, तीन टक्के स्निग्धांशविरहित दूध पावडर. रॅफिनोज कोमट पाण्यातच विरघळतं. दूध घातल्यावर द्रावण गढूळ होतं, म्हणून भरपूर वेगानं सेंट्रिफ्यूज करून वरचा स्वच्छ भागच घ्यायचा, नाहीतर कण शुक्राणूंना चिकटतात. आठवडाभर एकटे ठेवलेले तरुण नर घेतले. अधिवृषणाच्या (शुक्राणू साठवणाऱ्या नळीच्या) टोकाला चीर दिली की वीर्य ढगासारखं बाहेर पसरतं. ते नळ्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या वाफेवर दहा मिनिटं तरंगत ठेवायचं आणि मग थेट आत, उणे १९६ अंशांत.

१३ डिसेंबर

गोठवलं म्हणजे जपलं असं होत नाही, एक नळी वितळवून पिल्लं काढून दाखवावी लागतात. ६जे माद्यांना हार्मोनची दोन इंजेक्शनं अठ्ठेचाळीस तासांच्या अंतरानं, मग बीजांडं काढली, नळी वितळवली, एकत्र ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डिशमध्ये दोन पेशींचे भ्रूण. सगळे नाहीत, पण नाहीत म्हणावे एवढे थोडेही नाहीत. पालक माद्यांमध्ये रोपण मॅडमनी केलं. त्याची परवानगी कमिटीकडून आधीच घेतली होती. पिनवर्मचे दोन्ही रॅक लागोपाठच्या तपासण्यांत स्वच्छ आहेत, त्यामुळे ही पिल्लं थेट स्वच्छ खोलीत जन्मतील.

२७ जानेवारी २०२५

पिल्लं झाली. वीनिंगला, म्हणजे आईपासून वेगळी करताना, कान पंच केले. नॉकआउटची प्रत आहे, एनएनटीची स्थिती अपेक्षेप्रमाणे. नळीच्या डब्यावर ‘वितळवून तपासलेलं’ असा शिक्का.

नव्या कार्डाचा नमुना छापून आला. पूर्ण नाव, बॅकक्रॉसची पिढी, एनएनटी, आरडी-८, बेडिंग, शेवटची आरोग्य तपासणी. एवढं मावायला अक्षर बारीक करावं लागलं, काकांना चष्म्याशिवाय दिसत नाही. कार्डाचा आकार वाढवायला सांगितलंय.

दुपारी दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेचा फोन: “तुमचे ते काळे नॉकआउट चार जोड्या पाठवाल का, मार्चपर्यंत पेपर द्यायचाय.” त्यांना विचारलं, तुमचे कंट्रोल ६जे की ६एन. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही, मग “बी६ आहेत.” जनुकांच्या मार्करांचा अहवाल आणि आरोग्य अहवाल पाठवला. जोड्यांऐवजी आमच्या भावंड कंट्रोलसकट लिटर घ्या असं कळवलं. बॅकक्रॉसच्या निवडक पिल्लांची पुढची पिढी फेब्रुवारीत लावायची आहे, त्याआधी मार्करचे नमुने कुरिअरनं जायला हवेत. नायट्रोजनवाला गुरुवारी येतो. अर्ध्या नळ्या दुसऱ्या इमारतीतल्या टाकीत हलवायच्या आहेत, दोन्ही टाक्या एकाच खोलीत ठेवण्यात अर्थ नाही.